कुमुदताई, गिटार आणि आठ गोधड्या

कुमुदताई रेगे यांची आणि माझी ओळख तक्रारीतून झाली, आणि तक्रार करणारा मी होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिलीच वर्षं. पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला येऊन मी चोआ चू कांगच्या एका ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एका शनिवारी संध्याकाळी खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, कुणीतरी गिटार वाजवत होतं आणि बरीच माणसं टाळ्यांनी ठेका धरत होती. मला सोमवारच्या प्रेझेंटेशनची काळजी. तणतणत खाली गेलो. सुती साडीतल्या एका बाईंनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सेलोटेप माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुमची उंची चांगली आहे. तेवढं चित्र वर लावता का?" माझ्या मागोमाग उतरलेली माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, "डोन्ट स्कोल्ड ला, बाबा. सो नाइस." मी चित्र लावलं. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की तेव्हापासून मी त्यांची चित्रं लावतो आहे.

गिटार वाजवणारे होते डॅनियल ओटिएनो. मूळचे केनियाचे, बुकित तिमाहच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत संगीत शिकवणारे. फोनवर रिकामा असलेला फ्लॅट डॅनियल दारात उभे राहिले की नुकताच कुणीतरी घेतलेला असे. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत काम करणाऱ्या ताईंच्या कानावर हे आलं. त्यांनी डॅनियल आणि त्यांच्या पत्नीला दीड महिना आपल्या घरी ठेवून घेतलं. लिफ्टमध्ये शेजारी त्यांच्याकडे चोरून बघत. "चोरून कशाला? समोर बसून बघा आणि ऐकाही," असं म्हणत ताईंनी तो पहिला कार्यक्रम ठरवला. पुढे या शहरात राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कृष्णवर्णीय चित्रकारांना, गायकांना, वादकांना दर वर्षी त्यांच्यामुळे एक हक्काचं ठिकाण मिळालं.

ताईंचे नियम मोजकेच, पण त्यांत सूट नाही. चित्राखालची चिठ्ठी चित्रकारानं स्वतःच्या शब्दांत लिहायची, आणि कलावंताचं नाव प्रायोजकाच्या नावापेक्षा मोठं. एका प्रायोजकांनी सभागृह जंगलासारखं सजवू, वाढप्यांना गवताचे झगे घालू असं सुचवलं. "डॅनियल नैरोबीत फ्लॅटमध्ये वाढले. मधोमध एक लिफ्ट उभी करू का?" ताईंनी अगदी गोड आवाजात विचारलं. प्रायोजक गेले. त्या वर्षी चहाबरोबर नुसती बिस्किटं होती.

पण ताई म्हणजे काय, हे मला कळलं ते माझ्याच घोडचुकीमुळे. धारवाडला बहिणीकडे गेलेल्या असताना ताई हल्याळच्या बाजूच्या सिद्दी वस्तीत जाऊन आल्या. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. तिथल्या बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून अशा गोधड्या शिवतात की बघत राहावं. त्या सिंगापूरला न्यायच्या, असं ताईंनी ठरवलं. शिवणाऱ्यांतल्या जाणत्या गंगाबाईंनी मात्र सरळ सांगितलं, "गावातले मोठे लोक आमच्या गोधड्या नेतात आणि पायाखाली अंथरतात. तिकडंही तेच होणार असेल तर नको." ताईंनी शब्द दिला की गोधड्या भिंतीवर लागतील, शिवणारीच्या नावासकट. त्या शब्दावर गंगाबाई विमानात बसल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई त्यांना आणायला गेल्या होत्या आणि सभागृह माझ्याकडे होतं. लोक लवकर आले, खुर्च्यांचा पत्ता नाही, फरशी गार. कोपऱ्यात गोधड्यांची चळत दिसली. भिंतीवर लागतात ती चित्रं, हे माझं पक्कं. ताईंच्या शब्दाचं मला काही ठाऊक नव्हतं. गाणं आहे म्हणजे बैठक हवी, यापुढे माझा मराठी मेंदू गेलाच नाही. मी आठही गोधड्या अंथरल्या. मंडळी ऐसपैस बसली. एका बाळानं एका गोधडीवर मायलो, म्हणजे चॉकलेटी दूध, सांडलं.

तेवढ्यात गंगाबाई दारात आल्या. सगळं बघितलं, वळल्या आणि पुन्हा चपला घालू लागल्या. ताईंचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला आजही लाज वाटते.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"शब्द माझा होता, म्हणजे चूक माझी," त्या म्हणाल्या, आणि मंडळींकडे वळल्या. "सगळ्यांनी उठा. बसला होतात ती गोधडी झटका आणि हातांत उंच धरून भिंतीपाशी उभे राहा."

"अहो, गोधडी बसायलाच असते," एक काका कुरकुरले.

"आज नसते," ताई म्हणाल्या.

बँकवाले, आयटीवाले, नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या, सगळे गोधड्या धरून उभे राहिले. मायलो सांडलेली गोधडी एका बाजूनं ताईंनी आणि दुसऱ्या बाजूनं मी धरली. "गंगाबाई, मी शब्द मोडला," ताई म्हणाल्या. "माफी मागते. कुणाची गोधडी कुठली, तेवढं सांगून जाल का?"

गंगाबाईंनी उंच धरलेल्या गोधड्यांवरून नजर फिरवली. मग चपला काढून आत आल्या. एकेका गोधडीपुढे थांबून शिवणारीचं नाव सांगू लागल्या. कोपऱ्यांवर शिवलेली त्रिकोणी फुलं त्यांनी दाखवली. ती नसतील तर गोधडी उघडीबोडकी राहते, म्हणाल्या. बोलता बोलता त्यांच्याकडचं एक गाणं त्यांच्या तोंडी आलं आणि डॅनियलनी गिटारवर ठेका धरला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण कुणाचं काही अडलं नाही. आमचे हात भरून आले होते. तरी गाणं संपेपर्यंत एकानंही गोधडी खाली केली नाही.

गाणं संपल्यावर गंगाबाईंनी आमच्या हातातली डाग पडलेली गोधडी काढून घेतली, स्वतः फरशीवर अंथरली आणि ताईंना म्हणाल्या, "बसा." ताई मागे सरल्या. "नको. मी शब्द दिला होता."

"शब्द तुमचा. गोधडी माझी," गंगाबाई म्हणाल्या. "मी बसवतेय. बसा."

ताई बसल्या आणि आम्हा सगळ्यांदेखत रडल्या.

मानपत्रं, शाली ताईंना पुष्कळ मिळाल्या आणि या वर्षी आणखी मिळतील. गंगाबाईंनी त्यांना दिलेल्या जागेएवढी मोठी जागा आमच्यापैकी कुणालाच देता येणार नाही. तिथे मांडी घालून बसता येईल असे धडधाकट गुडघे आणि शंभर वर्षांचं आनंदी आयुष्य ताईंना लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा.