दुधाची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं कळत नाही.

पाटोद्याच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. बिघडलेल्या पेशीनं आपणहून मरायचं असतं, हा धडा म्हणजे माझा हातखंडा. पेशीत एक राखणदार असतो. बिघाड दिसला की तो मरायचा हुकूम सोडतो. आणि तोच गप्प बसला तर? मग मरायची ती पेशी मरत नाही, वाढत सुटते — गाठ होते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तेव्हाही होतं.

दसरा झाला की आमच्याकडं ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको मागं राहिली तर कोयता मोडतो. दादा-वहिनीनं असा ऊस तोडूनच मला शिकवलं. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी वहिनीनं मला न्हाणीत बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

"दुखत न्हाई, ताई. पर जात बी न्हाई. जाऊ का ऱ्हाऊ?"

खारकेच्या बीसारखी टणक. जागची हलेना. मला कळलं — हात लावताच कळलं. पण ती राहिली की दवाखाना आला, आणि घरात कागद वाचणारी मी एकटी. त्याच आठवड्यात नोकरीत कायम होण्यासाठी माझी मुलाखत होती. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

"धाकट्याचं दूध तोडलंस ना, दुधाची गाठ हाय," मी म्हणाले. "जा तू. आल्यावर बघू."

तिचा चेहरा केवढा उजळला! आणि — लाज वाटते सांगायला — मलाही हायसं वाटलं.

हंगाम संपवून ती परतली तेव्हा गाठ फुटलेली होती. डॉक्टर चिडले, आधी कुणालाच कसं दाखवलं नाही? वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई सायेब. मीच कुनाला दावली न्हाई."

आणि मी? मी तिची फाइल चाळत उभी होते.

आषाढात ती गेली. मी नोकरीत कायम झाले.

दादा अजून तिच्यावर रागावतो. जेवता जेवता घास हातात तसाच धरून म्हणतो, "तू घरात आसून तुला सुदीक बोलली न्हाई. येडीच."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढते, आणि दरवेळी "व्हय" म्हणते.