खिचडीच्या खोलीत बसवलेली लेकरं

"तू पण तिकडेच बस. साहेबांसमोर तोंड उघडू नकोस. तुझी भाषा ऐकली की सगळं मुसळ केरात."

मॅडम हे भरल्या वर्गासमोर म्हणली. तिकडं म्हणजे शाळेमागची खिचडीची खोली. ज्या लेकरायले मराठी वाचता येत नाई, त्यायले सकाळीच तिथं कोंबलं होतं.

त्यायले शिकवणारी मी. ह्याच गावची, हेमलकशाच्या अलीकडची. बारावी शिकलेली, घरी माडिया बोलणारी. म्हणूनच मॅडमच्या संस्थेनं मले आमच्या सरकारी शाळेच्या मदतीले ठेवलं होतं. आज चंद्रपूरहून संस्थेचे मोठे साहेब आले होते. मदत कुठी ठेवायची, कुठी नाई, हे ते ठरवणार होते.

राग गिळून गेली मी. खोलीत धूर, चुलीवर डाळ. त्यातल्या सोमारीनं माडियात इचारलं, "बाई, आपण काय केलं?"

काय सांगू तिले? लहानपणी साहेब आले की मलेही असंच मागं बसवत. तवा मले वाटे, आपल्यातच काई खोट हाये.

भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला. सगळी मुलं वाचतात का? गुरुजी म्हणले, हो साहेब, एकूणएक. मग साहेब म्हणले, "छान. म्हणजे इथली मदत आता दुसऱ्या शाळेला देता येईल."

डोक्यात सणकच गेली. अरे, ज्यायच्यासाठी मदत, त्यायलेच लपवलं, आन् आता मदतही चालली! कशापायी? शाबासकीपायी. सोमारीले तिच्या बोलीत मग कोण समजावणार होतं, मॅडम?

उठली. म्हणली, चला रे. लेकरायले सरळ वर्गात नेलं, साहेबांच्या पुढ्यात बसवलं.

"साहेब, हे बी ह्याच शाळेचे. ह्यायले वाचता येत नाई. मदत ह्यायचीच हाये."

गुरुजी खिडकीबाहेर पाहून राह्यले. साहेबांनी मॅडमकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. सोमारीले एक शब्द इचारला नाई. चहा तसाच ठेवून गाडीत बसले. जाता जाता मॅडमनं सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

मदत राहिली का गेली, अजून कोणी कळवलं नाई. मी रोज जाते. आता संस्थेची म्हणून नाई, गावची म्हणून. ग्रामसभेत उभी राहून सारं सांगितलं, कोणी आडवं आलं नाई.

पुन्हा गाडी येईल. येऊ द्या. त्या खोलीत एक जरी लेकरू बसवलेलं दिसलं, तर मी गाडीसमोर बसीन. म्हणीन, साहेब, आधी ह्याले भेटा, मग शाळा पाहा. त्याबिगर उठणार नाई.