दोन विती मासा

पुणे स्टेशनवर माझा मुलगा दत्ता डब्याच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आप्पा, अजून उतरता येईल. मासे वाघोलीतही मिळतात."

"मिळतात की. बर्फात पुरलेले. मला बर्फ वेगळा आणि मासा वेगळा बघायचाय."

गाडी हलली. बरं झालं.

तिकिटं दोन काढली होती. हौसानं, माझ्या बायकोनं, टीव्हीवर हिमाचलातलं बारोटचं तळं बघितलं होतं. मागं बर्फाचा डोंगर, पुढं गळ टाकून बसलेला माणूस. म्हणाली, "अहो, मार्चात तिथली मासेमारी खुली होते म्हणं. मी बर्फ बघते, तुम्ही मासे धरा." संक्रांतीच्या आधी ती गेली. दत्तानं तिचं तिकीट रद्द केलं. माझं मी करू दिलं नाही. तिच्या जागेवर एक लुधियान्याचे गृहस्थ आले आणि मनमाडपर्यंत माझ्या गुडघ्याला पाय टेकवून झोपले. माणूस वाईट नव्हता. पाय लांब होते.

माझ्या पिशवीत गळ, दोरी, पत्र्याच्या डब्यात मातीसकट गांडुळं आणि कॉफीच्या जुन्या बाटलीत हौसाचा काळा मसाला. दरवर्षी उन्हाळ्यात ती करायची. आता तळाला एका कालवणापुरता उरला होता. ती गेल्यापासून मी मासा खाल्ला नव्हता. हा मसाला बाजारच्या माशावर घालवायचा नव्हता. तिनं दाखवलेल्या तळ्यातला, माझ्या हातानं धरलेला एक मासा पाहिजे होता. त्यासाठी निघालो होतो.

हौसा स्वतः माळकरी. मासा कधी तोंडात घातला नाही, पण मला रांधून द्यायची. मागच्या दारी वेगळी चूल, वेगळा टोप. अट एकच, मासा दोन विती भरला पाहिजे. मी नदीवरून आलो की पदर खोचून बाहेर यायची आणि माशाशेजारी वीत टाकायची. कमी भरला तर, "हे पोर हाय. ह्याला मारून काय मिळवलंत?" आणि टोप पालथा. मग मी भाकरी-चटणी खायची.

तिसऱ्या दिवशी पठाणकोटला उतरलो. तिथून बस, मग जीप. घाटात पोटातलं सगळं बाहेर आलं. शेजारच्या बाईनं न विचारता लिंबू दिलं आणि खिडकीची जागाही दिली. ती माझ्या भल्यासाठी दिली की स्वतःच्या साडीसाठी, ते कळलं नाही.

एका वळणावर बर्फाचा डोंगर दिसला. टीव्हीत दाखवतात तसाच आहे. थंडी तेवढी टीव्हीत येत नाही. मी बराच वेळ बघितला. दोघांच्या वाटचा बघायचा होता.

बारोटला बेलीरामच्या घरी उतरलो. पन्नाशीचा माणूस, तळ्यावर पाहुण्यांबरोबर जातो. परवाना त्यानंच काढून दिला. माझा डबा उघडून बघितला आणि म्हणाला, "बाबाजी, ये क्या लाए?"

"गांडूळ. हमारे पुणे का."

"यहाँ केंचुआ (गांडूळ) नहीं चलता. चकती लगाओ." चकती म्हणजे पाण्यात माशासारखा लखलखणारा पत्र्याचा तुकडा. माशाला पत्रा दाखवून फसवायचं, हे मला पटलं नाही. पण नियम त्यांचा. एवढा प्रवास करून एकही गांडूळ मेलं नव्हतं. बेलीरामच्या बटाट्याच्या वाफ्यात सोडून दिली. त्यांना जागा आवडलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तळ्यावर बसलो. धरणाचं लहानसं तळं, हिरवं पाणी, काठाला देवदार. इथला मासा ट्राउट, अंगावर ठिपके, आपल्या रोहूपेक्षा सडपातळ. दुपारपर्यंत एकानंही पत्र्याकडे बघितलं नाही. माझं मत बरोबर होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. परवाना त्या एका दिवसाचाच.

ऊन उतरायला लागलं आणि दोरी ताणली. मासा जोराचा होता. काठावर घेतला. बेलीरामजवळ खूण केलेली काठी होती. खुणेपेक्षा लहान मासा परत सोडायचा, असा तिथला नियम. त्यानं काठी लावली.

"दो उंगली छोटी है." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "रख लो, बाबाजी. कौन देख रहा है?"

मी माझी वीत टाकली. दोन विती, दोन बोटं कमी. हौसाची वीत लहान. तिच्या वितीनं भरला असता. पण वीत टाकायला ती नव्हती, आणि तिच्या नावानं खोटी वीत मी टाकणार नव्हतो. मासा पाण्यात धरला. शेपटी हलली. गेला.

घरी बेलीरामच्या बायकोनं विचारलं, "मच्छी कहाँ है, बाबाजी?"

"पानी में."

ती बटाटे चिरत होती. मी बाटली तिच्या हातात दिली. "ये सब डाल दो." तिनं घातला. घरभर वाघोलीचा वास सुटला.

पहिला घास घेतला आणि लक्षात आलं. चाळीस वर्षं, मासे असले की मी मागच्या दारी जेवायचो आणि ती आत. ही भाजी तिला माझ्याबरोबर बसून खाता आली असती. ताट स्वच्छ केलं. मीठ थोडं कमी होतं.

परत घरी आलो. सून सुप्रिया दारातच म्हणाली, "आप्पा, मासा?"

"सोडला."

"आणि आईंचा मसाला?"

"बटाट्यात."

"अहो, एवढ्या लांब जाऊन बटाटे खाल्लेत?"

"खाल्ले. चांगले होते."

पिशवी रिकामी करताना तिला बाटली सापडली. "ही घासून ठेवू का? रिकामीच आहे."

मी बाटली तिच्या हातातून घेतली. देवळीत ठेवली, झाकण घट्ट केलं.

"झाकण उघडू नकोस," म्हटलं. "वास जाईल."