मोगऱ्याच्या वाडीतलं प्रमेय

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आले आणि नव्वदच्या दशकात वटारच्या बाजूला एका गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायला लागले. घड्याळ हा माझा देव. वर्गात कोणी एक मिनिट उशिरा आलं तरी माझ्या कपाळाची शीर उडायची.

शाळा गावानं बांधलेली होती. कुणी कौलं दिली होती, कुणी दारांचं लाकूड, कुणी नुसतेच हात लावले होते. त्यामुळे गावाला शाळा स्वतःच्या ओसरीसारखी वाटायची. तास चालू असताना एखादी आजी खुशाल खिडकीत येऊन उभी राहायची आणि विचारायची, "आमची पोरगी सिकते का गं बाय?" स्टाफरूममध्ये केळीचा घड कुणी ठेवला हे कळायचंही नाही. पहिली दोन वर्षं मला याचा संताप यायचा. ही शाळा आहे की चावडी, असं मी मुख्याध्यापकांना विचारलंसुद्धा होतं. ते हसले आणि माझ्यापुढे केळं ठेवलं.

गावात घरोघरी मोगऱ्याच्या वाड्या. माघ संपता संपता कळ्या धरायला लागायच्या. पहाटे अंधारात उठून त्या खुडायच्या, टोपल्या भरायच्या आणि साडेसातला फुलांचा टेंपो नाक्यावर यायच्या आत तिथे पोचवायच्या. टेंपो चुकला की दुपारपर्यंत कळ्या उमलतात, आणि उमललेल्या फुलाला बाजारात कुणी विचारत नाही. माझ्या आधीचे गणिताचे सर दहावीचा जादा तास टेंपो गेल्यावर, आठला घ्यायचे. मी तो सातवर आणला. मुलांनी माना डोलावल्या. घरात खुडायला चार हात असले की एक पोर सुटू शकतं, म्हणून बहुतेक जण वेळेवर येऊ लागली आणि मी मनात म्हटलं, बघा, शिस्त लावली की लागते.

एकच मुलगी उशिरा यायची. वर्गात भूमिती तिच्याइतकी कुणाला समजत नव्हती. आकृती फळ्यावर काढून व्हायच्या आत तिला रचना सुचलेली असायची. ती पावणेआठला धापा टाकत यायची, बोटं ओली, ओढणीला पानं चिकटलेली. पहिल्या दिवशी मी बोलले. दुसऱ्या दिवशी तिला व्हरांड्यात उभं केलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "उद्यापासून उशीर होणार असेल तर येऊच नकोस." तिनं मान खाली घातली.

आणि ती खरंच आली नाही.

चार दिवस गेले. बोर्डाची हॉल तिकिटं आली, सगळ्यांनी नेली, तिचं तेवढं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मी शिपाईमामांना विचारलं. ते गावातलेच, त्यांचीही वाडी होती. म्हणाले, "बाई, तिची आई बावखलाच्या पायरीवरून पडली ना! मनगट मोडलं. प्लास्टर हाय. बाप वालीवला कंपनीत रातपाळीला, सकाळी आठाला येतो. आजीला धड दिसत नाय. पोरगी एकटी खुडते." मग माझ्याकडे न बघता घंटा पुसत ते पुढे म्हणाले, "ती म्हनाली, या वर्षाला नाय बसत परीक्षेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना हे ठाऊक होतं, मग मला आधी का नाही सांगितलं, असं मी त्यांच्यावरच खेकसले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही इचारलं नाय."

संध्याकाळी हॉल तिकीट घेऊन मी तिच्या घरी गेले. वाडीच्या मध्ये लहानसं घर, पुढे ओटा, बाजूला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. आई ओट्यावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मुलगी आत चुलीपाशी होती, बाहेर आलीच नाही. मी म्हटलं, गावातल्या कुणाची मदत घ्या की चार आठवडे. आईचा चेहरा एकदम बदलला. "बाई, आमी कोनाकडं हात पसरला नाय. ज्याला हात हायत त्याची सोताची वाडी हाय. बसंल ती पुढल्या वर्षी." पुढल्या वर्षी बसेन म्हणून थांबलेल्या मुली मी साताऱ्याकडेही पाहिल्या होत्या. त्यांतली एकही नंतर बसली नव्हती. हॉल तिकीट मी ओट्यावर ठेवलं, उडू नये म्हणून तिथेच पडलेली तिची कंपासपेटी त्यावर ठेवली आणि निघाले.

रात्रभर डोळा लागला नाही. चूक माझी होती आणि ती मलाच निस्तरायची होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं, "उद्या पहाटे साडेपाचला सगळ्यांनी तिच्या वाडीत यायचं. ज्यांच्या घरी खुडायला पुरेशी माणसं आहेत त्यांनी. टोपल्या आणा." वर्गात चुळबुळ झाली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तसं नाय करत." मी म्हटलं, "एवढं डोकं भूमितीत चालव." ती बसली. माझ्यापुढे दुसरं कोण काय बोलणार?

पहाटे नवऱ्यानं कुरकुरत स्कूटरवरून सोडलं. अकरा मुली आणि चार मुलगे आले होते. मी त्यांना हळू आवाजात ताकीद दिली, "कुणी बोलायचं नाही. घरच्यांची झोप मोडायला नको. खुडा, टोपल्या ओट्यावर ठेवा आणि निघा." कुणाला कळू न देता केलेली मदत, असं काहीतरी थोर माझ्या डोक्यात होतं. पोरं मुकाट्यानं रांगांत शिरली. मीही खुडायला लागले. हाताला दंव लागत होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि आजी ओट्यावर आली. तिला चेहरे दिसत नव्हते, पण वाडीभर वाकलेली माणसं दिसली. कुणी बोलत नव्हतं. क्षणभर ती खांबाला धरून उभी राहिली आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो मी जन्मात विसरणार नाही.

"माजा पोरगा गेला गं! कंपनीत काय झालं त्याला? कोनीतरी सांगा गं!"

आई प्लास्टरच्या हातानिशी धावत आली. मुलगी आली. शेजारच्या तीन वाड्यांतून माणसं धावली. मला काहीच कळेना. पुढच्या बाकावरची तीच मुलगी माझ्या कानाशी येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, कोणी मेलं की त्यांच्या घरचे बारा दिवस खुडत नाहीत. मग गाव येऊन खुडतं. मुक्यानं. मी सांगत होते तुम्हाला."

मी धावत ओट्यावर गेले आणि आजीचे दोन्ही हात धरले. "आजी, कुणाला काही झालेलं नाही. मी शाळेतली बाई. मीच आणलंय सगळ्यांना. चुकलं माझं." पण ती ऐकायला तयार नव्हती. मुलगा डोळ्यांसमोर दिसेपर्यंत ती हलली नाही. कुणीतरी सायकल घेऊन नाक्यावर गेलं. आठच्या आधीच तिचा मुलगा सायकलच्या दांडीवर बसून आला, डोळे चोळत, काय झालं विचारत. आजीनं त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, दोन थपडा मारल्या आणि मग माझ्याकडे वळली.

मी आयुष्यात पुष्कळ जणांना बोलले आहे. इतकं ऐकून घेतलं ते त्या एकाच दिवशी. त्या घरातली बोली मला निम्मीच समजायची, तरी एकही शब्द चुकला नाही. आई मागे उभी राहून म्हणत होती, "सांगितलेलं मी बाईंना, आमाला नको म्हनून." आता सगळं संपलं, असं मला वाटलं. ही पोरगी परीक्षेला बसणार नाही, आणि तिला घालवलं मी, दोनदा.

मला रडू आलं. वर्गात कधी रडले नव्हते, त्या ओट्यावर पंधरा विद्यार्थ्यांदेखत रडले. म्हटलं, "आजी, मला काय हवं ते म्हणा. पण हिला परीक्षेला बसवा. ही माझ्यामुळे थांबलीय."

आजी नातीकडे वळली. विचारलं, "तुला बसायचंय?" मुलगी पहिल्यांदा बोलली. "हो," एवढंच म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

आजीनं पदरानं डोळे पुसले. "लग्नाच्या घरीपन गाव खुडायला येतं," ती सुनेला म्हणाली. "तवा कोन हात पसरल्याचं म्हनत नाय. चाय द्यावी लागते, गोड द्यावं लागतं. आनि गलका करावा लागतो." मग माझ्याकडे बघून बोट नाचवलं. "मुक्यानं एक कळी खुडलेली चालनार नाय. गानी म्हना."

मी नाक पुसत म्हटलं, "आजी, यांना गाण्यांपेक्षा प्रमेयं पाठ हवीत."

"कायपन म्हना. पन मोठ्यानं म्हना."

दुसऱ्या दिवसापासून आमचा जादा तास त्या वाडीत भरला, पहाटे साडेपाचला, फळ्याशिवाय. मी एका रांगेतून ओरडायची, "काटकोन त्रिकोणात?" आणि वाडीभरातून उत्तर यायचं, "कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो!" मुलगी ओट्यावर कंदिलाशेजारी पुस्तक घेऊन बसायची. खुडायला तिला आजी हातच लावू देत नव्हती, नवरीनं खुडायचं नसतं म्हणून. कुणी सिद्धतेत अडलं की ती तिथून पुढची पायरी ओरडून सांगायची. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक पहिले दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलीही दोन-चार माणसं आमच्या रांगांत दिसायला लागली. शिपाईमामा स्वतःची वाडी आटोपून यायचे आणि समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणायचे. सातवी नापास माणूस, पण त्यांचं ते कधी चुकलं नाही.

चूक माझीच व्हायची. मी हिरव्या, कच्च्या कळ्या खुडायची. आजी टोपलीत बोटं फिरवून त्या बरोबर वेगळ्या काढायची आणि बाजूला ठेवायची. "हा बाईंचा माल," म्हणायची. तो माल रोज माझ्याच ओंजळीत घालून परत द्यायची. खुडणाऱ्यांना चहा आणि गूळ-खोबरं मिळायचं. आई डाव्या हातानं वाटायची. पहिले काही दिवस माझ्या हातावर ठेवताना ती बघायची नाही. मग एक दिवस गुळाचा मोठा खडा ठेवला आणि म्हणाली, "वाळलात बाई तुम्ही."

परीक्षेचं केंद्र दूर होतं. त्या दिवशी फुलांचा टेंपो टोपल्या पोचवून परत आला आणि ड्रायव्हरनं आमची सगळी दहावी त्यातच भरली. मी आधीच केंद्राच्या फाटकाशी जाऊन घड्याळ बघत उभी होते. टेंपो आला, मुलं उतरली, आणि साऱ्यांच्या अंगाला मोगऱ्याचा वास. ती सगळ्यांत आधी उतरली. "बाई, मी वेळेवर आले," म्हणाली. मी तिची कॉलर उगाच नीट केली. काहीतरी रागवायला हवं होतं, पण सुचलं नाही.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. पुढे शिकली. मी जादा तास आठला नेऊन ठेवला आणि मग शाळा सोडेपर्यंत तिथून हलवला नाही.

पाच-सात वर्षांनी, एका फाल्गुनात, शिपाईमामांचा घरी फोन आला. आजी गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रिक्षा शोधत बसले, मिळेना, आणि पोचेपर्यंत सहा वाजून गेले. मी, घड्याळवाली बाई, उशिरा पोचले. गाव आधीच रांगांत होतं. कुणी बोलत नव्हतं. फक्त कळ्या तुटल्याचा बारीक आवाज. मी कुणाचीतरी टोपली घेतली आणि वाकले. आता मला रीत माहीत होती.

ओट्यावर माझी ती विद्यार्थिनी बसली होती, त्याच जागी. आता ती स्वतः एका शाळेत गणित शिकवत होती. मला बघून उठली.

"बाई," ती तिथूनच म्हणाली, "आजीनं सांगून ठेवलंय. माझ्या बारा दिवसांत मुक्यानं खुडायचं नाही. सुरुवात बाईंनी करायची."

सगळी वाडी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तोंड उघडलं. इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहून शिकवलेलं, पण पहिला शब्द फुटेना. मग ओट्यावरूनच तिचा आवाज आला, माझ्याच चालीवर, "काटकोन त्रिकोणात?"

आणि आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं.