ग्रॅनाइटचा ओटा

नायगावला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे शेजारी कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानात बसून खडकांतून निघणारे गॅमा किरण मोजतात. बोलताना जमिनीकडे बघतात आणि प्रत्येक उत्तराआधी "तसं बघितलं तर" म्हणतात.

ग्रॅनाइटच्या ओट्यातूनही किरण निघतात असा मेसेज वाचल्यापासून माझी गरोदर बहीण स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. शेवटी मी त्यांना बोलावलं.

"खरंय का हो दादा?" तिने दारातूनच विचारलं.

"तसं बघितलं तर खरंय. पण अगदी थोडे. मातीतून, विटांतूनही निघतात."

तिचे डोळे भरून आले. शेजारी वर गेले आणि आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आले. तिला आमच्या ओट्यावर निजवून म्हणाले, "आमच्याकडेही हाच दगड आहे. हिला रोज त्यावरच तेल लावतो."

मुलगी कुशीवर वळली.

"अहो, पडेल ना ती!" म्हणत बहीण धावत आत शिरली.