बदली आल्याशिवाय

सुरतेत नवागामला आमची एक खोली होती. तीत सहा माणसं, आणि पलंग एकच, तोही घरमालकाचा. आबा, म्हणजे माझे वडील, मागाच्या कारखान्यात चार माग सांभाळायचे, आई तिथेच मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. ठेचा-भाकरीवर आमच्या शाळा झाल्या. कालवण असलं की धाकटा भाऊ विचारायचा, "आज कोण येणार?"

दुसऱ्या महायुद्धात आबा कोकणच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला होते. मचाणावरून दुर्बिणीने समुद्र पाहायचा, शत्रूचं जहाज दिसलं की खबर द्यायची. लढाई संपली, चौकी उठली, पेन्शन नाही. मग खानदेशातलं गाव सोडून सुरत.

कारखान्यात लोक चिडवायचे, "काय कप्तान, एक तरी जहाज दिसलं का?"

"नाही. पण 'नाही' सांगायलासुद्धा माणूस बसावा लागतो."

पहाऱ्यावरची एक रीत मात्र त्यांनी सोडली नाही. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. नव्या माणसाने आधी दहा मिनिटं सोबत उभं राहायचं, नजर बसू द्यायची, मग म्हणायचं, "मी पाहतो." आबांनी त्याचं अहिराणी केलं होतं, "मी देखस." त्यांचा गुजराती बदलीवालासुद्धा हसत हसत "देखस, देखस" म्हणायचा.

मी मॅट्रिक झाले. कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. कारकून म्हणाला, "वडिलांची सही माझ्यासमोर हवी, दोनला खिडकी बंद." आबांची पाळी बाराला सुटायची. साडेबाराला मी कारखान्यात पोचले, तर आबा मागावरच. बदलीवाला आलाच नव्हता.

शेठ म्हणाले, "जाव ने भाई, माग बंद करी दो."

"चालता माग टाकून मी जात नसतो."

मी रडायलाच लागले. तेवढ्यात आई कांड्यांची टोपली खाली ठेवून आली. "सरका. मी उभी राहते."

"बाईमाणूस माग चालवतं का?"

"बारा वर्षं तुमच्या कांड्या भरते. तुटलेला धागा तुमच्याआधी मला दिसतो. पोरीकडे बघा जरा."

आबा सरकले. तरी दहा मिनिटं तिच्याशेजारी उभे राहिलेच. मी घड्याळाकडे बघत होते, ते तिच्या हातांकडे. तिने दोन तुटलेले धागे सांधले.

"म्हण."

"मी देखस. आता पळा, कप्तान!"

आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना कप्तान म्हणाली. शेठसुद्धा हसले.

सायकलवर मला मागे बसवून आबांनी जी सायकल हाणली! खिडकी गाठली तेव्हा दोनला दहा कमी होते. सही केली आणि तिच्याखाली सवयीने वेळही लिहिली.

"वेळ कशाला?" कारकुनाने विचारलं.

"पहाऱ्यावर लिहावी लागते."

चार वर्षांनी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.