चार नंबर मशीनचा आकडा

आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. नव्वदीच्या सुरुवातीला शिरपूरकडून सिल्वासात आलो, प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून. तिथली एक रीत पहिल्याच दिवशी खटकली. पाळी सुटायला पाच मिनिटं उरली की ऑपरेटर मशीनचे सगळे नॉब शून्यावर आणायचा. पुढच्या पाळीने आपली गरमी आपण शोधावी! त्या शोधात तासभर वाकड्या बादल्या निघायच्या आणि भंगारात जायच्या.

कारण होतं फाटकाजवळचा फळा. कुठल्या पाळीने किती चांगल्या बादल्या काढल्या, ते रोज त्यावर खडूने लिहीत. रात्रपाळीचा सुपरवायझर कोकणातला डिप्लोमावाला, माझाच खोलीवाला. खाट एकच, दिवसा त्याची, रात्री माझी. स्टोव्हही एकच. त्याच्या बहिणीचं लग्न कुठं अडलंय ते मला ठाऊक, माझे वडील अंगठा उठवतात ते त्याला. फक्त चार नंबर मशीन किती डिग्रीवर चालवतोस, हे विचारायचं नाही. दोघंही सहा महिन्यांच्या बोलीवर होतो आणि कायम एकालाच करणार होते.

मी मॅनेजरना म्हटलं, "मशीनला कार्ड लावू. जाणाऱ्याने आकडे लिहायचे, येणाऱ्याने वाचायचे."

"लगाडो ने, भाई," ते म्हणाले. फळा मात्र तसाच ठेवला.

पहिल्या सकाळी कार्डावर त्याच्या अक्षरात दोनशे चाळीस. मी तेच लावलं. बादल्या करपून पिवळ्या. संध्याकाळी खोलीवर आलो तर रोजच्यासारखा त्याने माझ्यासाठी भात झाकून ठेवलेला. जेवलो. पडलो, उठलो, पुन्हा पडलो.

दुसऱ्या संध्याकाळी कार्डावर मी एकशे नव्वद लिहिलं. माझा ऑपरेटर धुळ्याकडचा, जुना माणूस. वाकून बघत म्हणाला, "शिकेल माणूस खोटं बी किती सुबक लिहतो, भाऊ!"

पुढे महिनोन् महिने तेच चाललं. भात झाकलेला असायचाच. फळ्यावर माझी पाळी थोडक्यात वर राहिली आणि कायम केल्याचं पत्र मला मिळालं.

त्याची ट्रंक घेऊन मी त्याला वापीच्या गाडीवर सोडायला गेलो. खिडकीतून तो म्हणाला, "चार नंबरला दोनशे अठरा. पुढचा हीटर ढिला आहे, तो दोनशे पाचला ठेव. मग काठ तडकत नाही."

"आत्ता सांगतोस होय?"

"आत्ता सांगायला माझं काय जातंय!" तो हसला. "तुझा किती होता रे?"

गाडी सुटायला वेळ होता. ड्रायव्हर समोर चहा पीत होता.

"असाच," मी म्हणालो, "तुझ्या आसपासच."